बटण्या मुद्दाम करतो

२ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद, खुशाली वगैरे पत्राच्या शेवटी, जागा उरली तर. आधी तुझ्या बोक्याचे प्रताप ऐक.

आज सकाळी साहेब माझ्या कामाच्या कोटावर मुतले. इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पांढरा कोट! मी चहा गाळायला वळले तेवढ्यात कार्यक्रम उरकला. परवा माझी उशी झाली. त्याआधी पायपुसणं, त्याआधी धुण्याचा ढीग. अडीच महिन्यांपूर्वी त्याला माझ्या गळ्यात बांधून तू बोगद्याच्या मोजणीवर गेलीस, तेव्हा काय म्हणाली होतीस आठवतं? "ताई, गरीब जनावर आहे गं, कोपऱ्यात पडून असतं." महिनाभर होता गरीब. गेले सहा आठवडे घरात असा एक कोपरा नाही की जिथे त्याने सही केलेली नाही. आणि त्याचा तो वाळूचा ट्रे? तिथे राजेसाहेब जातात, उकिडवे बसतात, माझ्याकडे बघतात, उठतात आणि चार पावलांवर जाऊन फरशीवर करतात.

मी दुसरा कोट घालून कामावर गेले. खिशाखाली त्यालाही लागलेलं होतं, सर्दीने मला कळलं नाही. एकोणचाळीस वर्षं मी लाँड्रीत डागांच्या टेबलावर उभी आहे. लोकांचा घाम, रक्त, शाई, गंज, बाळांच्या उलट्या, सगळं या हातांनी काढलंय. आणि आज ती कालची इस्त्रीवाली नाक मुरडून मला विचारते, "बाई, तुमच्याकडून कसला वास येतोय?" सगळ्यांसमोर. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा नीट ऐक. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत. तोवर त्याची दुसरीकडे सोय कर, नाहीतर मी त्याला टोपलीत घालून मासळीबाजाराच्या मागे सोडून येईन. तिथे मोकळं रान आहे, मुतू दे हवं तिथे. फोन कर म्हणत नाही. तुमच्या कॅम्पात फोन लागत नाही, आणि लागला तरी आपण दोघी तिसऱ्या वाक्याला तो आपटतो.

जागा उरली नाही.

तुझी ताई


७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार तुझ्या वयाला, तुझ्या पत्राला नाही.

बटण्याला बाजारामागे सोडलंस तर तुझ्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही. राग आहेच, पण मी जेवून, हात धुऊन, टेबलाशी नीट बसून रागावलेय. पाच वर्षं तो माझ्या पायाशी झोपलाय. इथे जनावर ठेवायची परवानगी असती तर मी तुझ्या दारात आले नसते.

आता मला सरळ उत्तरं दे, टोमणे नकोत. ट्रे कुठे ठेवलायस? मी तो खोलीच्या शांत कोपऱ्यात ठेवून गेले होते. वाळू रोज उपसतेस का? कशाने धुतेस? फरशीवरचं, उशीवरचं कशाने पुसतेस? तो ट्रेमध्ये बसून ओरडतो का, सारखा चाटत बसतो का? आणि त्याला डॉक्टरकडे नेलंस का? नेलं नसशील, मला माहीत आहे. तुला स्वतःला ताप आला तरी तू डॉक्टरकडे जात नाहीस, मांजराला कुठली नेतेस. पण ने. मांजर उगाच जागा सोडत नाही. काहीतरी बिनसलेलं असतं.

आणि त्याला मारू नकोस. तू मारत असशील असं मी म्हणत नाही. फक्त मारू नकोस.

इथे पत्रांची गाडी सोमवारी आणि गुरुवारी येते. सोमवारी मिळेल असं लिही.

धाकटी


१२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी प्रश्नपत्रिका मिळाली. घे उत्तरं.

ट्रे कपड्यांच्या मशीनशेजारी आहे. तुझ्या 'शांत कोपऱ्यात' मी जेवायला बसते, तिथे शेजारी कुणी हागतंय हे मला चालत नाही. वाळू तीन दिवसांनी उपसते. दिवसभर उभी असते मी, माझे पाय काही लोखंडाचे नाहीत. ट्रे फिनेलने धुते, स्वच्छ, दाराबाहेर वास जाईल इतकं. आणि डाग कशाने काढू हे तू मला विचारतेस? मला? अगं, मी लाँड्रीतून बाटली आणलीय अमोनियाची. घाम, रक्त, लघवी, अंगातून निघालेलं काहीही असो, त्याला अमोनिया. उशी, गादी, फरशी, कोट, सगळीकडे दोन हात मारलेत. एवढं करून लबाड पुन्हा त्याच जागी येतो, वास घेतो आणि नेमका तिथेच करतो. माझ्या हातांचाही वास घेतो आणि फिस्कारतो. मी जे पुसते तेच तो घाण करणार, असा त्याने पणच केलाय.

हो, ओरडतो. ट्रेमध्ये बसून गळा काढतो, घर डोक्यावर घेतो. सगळी नाटकं आहेत. डॉक्टरकडे नाटकं दाखवायला नेऊ? तो मुद्दाम करतो, धाकटे. डोळ्याला डोळा लावून करतो. मी मारत नाही, पण जिथे केलं तिथे नाक घासते आणि तासभर बाल्कनीत कोंडते. मुद्दाम करणाऱ्याला लाज वाटल्याशिवाय अक्कल येत नाही. आणि हे मला कुणी शिकवायला नको. मी आधी एकीला वठणीवर आणलेलं आहे, ते विसरलीस वाटतं.

अठ्ठावीस तारीख कायम.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

विसरले नाही. तिथे मीच होते.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची आणि तू सतरा. बाबा ट्रकवर, आठवड्यातून एक दिवस घरी. नऊ वर्षांची होईपर्यंत माझं अंथरूण ओलं व्हायचं. तू चादर धुवायचीस हे खरं आहे. पण धुण्याआधी ती माडीच्या पुढच्या कठड्यावर टाकायचीस. डागाची बाजू रस्त्याकडे. मागे दोरी होती, ऊनही मागेच यायचं. माझी शाळेची वेळ होईपर्यंत ती तिथेच असायची आणि मी दप्तर घेऊन तिच्याखालून जायचे. वर्गातल्या पोरी आधी वर बघायच्या, मग माझ्याकडे. एक जण रोज विचारायची, "आज नकाशा मोठा आहे का गं?"

मी दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं होतं, ठाऊक आहे तुला? नसेलच. जीभ कोरडी पडायची, तरी नाही. तरीही व्हायचं. मग एक दिवस थांबलं. तुझ्या कठड्यामुळे नाही. वय वाढलं म्हणून आपोआप थांबलं. आणि ते श्रेय तू छत्तीस वर्षं छातीवर मिरवतेस! परवाच्या पत्रात पुन्हा मिरवलंस, वर मला विचारतेस विसरलीस का. मला इतका राग आलाय की आज मोजणीचे आकडे दोनदा चुकले. हाताखालच्या लोकांसमोर मी दुर्बिणीला शिव्या घातल्या. त्या तुला होत्या.

आता बोक्याचं, कारण तो तरी वाचला पाहिजे. अमोनिया ताबडतोब बंद कर. मांजराच्या नाकाला त्याचा वास लघवीसारखाच येतो. तू जिथे जिथे पुसलंस तिथे तिथे त्याला वाटतंय की दुसरं कुणी मांजर येऊन करून गेलं, म्हणून तो पुन्हा तिथेच जातो. तुझ्या हातांना, कोटाला तोच वास आहे. एकोणचाळीस वर्षांची डागवाली, आणि स्वतःच्या घरात बाटली घेऊन त्याला जागा दाखवत फिरतेस. तुमच्या टेबलावर ती एन्झाइमची पावडर असते ना, ती कोमट पाण्यात घालून लाव. ट्रे मशीनपासून हलव. मशीन धडधडायला लागलं की माणूससुद्धा उठून पळेल. फिनेल नको, वाळू रोज उपस.

आणि हे अधोरेखित करतेय. ओरडतोय म्हणजे त्याला दुखतंय. बोक्यांच्या लघवीची वाट बंद होते. तो करायचाच थांबला तर एक तासही वाट बघू नकोस. जीव जातो.

हे वाचून उत्तर लिहायला बसू नकोस. त्याला उचल आणि जा.

धाकटी


१८ फेब्रुवारी, सकाळ

धाकटे,

पेढे वाट. तुझा साहेब शरण आला!

काल संध्याकाळपासून एक थेंब नाही. फरशीवर नाही, गादीवर नाही, कोटावर नाही. परवा मी त्याला दोन तास बाल्कनीत ठेवला होता, त्याचा परिणाम. आज पहाटेपासून गुमान ट्रेमध्ये बसलाय. ओरडणंही बंद. मी म्हटलं, "काय साहेब, समजलं का घर कुणाचं आहे?" तर मान खाली. खाणंही टाकलंय, पण तो राग आहे, उतरेल. तू तिकडून मला मांजरशास्त्र शिकवत होतीस. बघ, शेवटी शिस्तच कामाला आली.

तुझं पत्र अजून आलेलं नाही. रुसली असशील. माझं मागचं पत्र जरा तिखट झालं होतं, हे मी कबूल करते. पण मी बोलते तसं लिहिते, तुला ठाऊक आहे.

कामाला जाताना हे टपालात टाकते. अठ्ठावीस तारखेचं बघू, असाच राहिला तर राहू दे.

ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

आधी हे वाच. बटण्या जिवंत आहे.

अठराच्या सकाळी मी तुला एक पत्र टाकलं. ते तुझ्या हातात पडलं असेल तर फाडून टाक, किंवा नको, ठेव. दुपारी जेवायला घरी आले तर तुझं सोळाचं पत्र दारात. उभ्या उभ्या वाचलं. चादरीचं वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, म्हटलं आता हिला असं उत्तर देते की बस. मग तुझ्या अधोरेखित ओळीवर आले. ट्रेकडे बघितलं. तो तिथेच होता, सकाळी सोडला तसाच. पोटाला हात लावला तर घट्ट, दगडासारखं. तो फिस्कारलाही नाही.

कपड्यांच्या टोपलीत घातला आणि रिक्षा. एकोणचाळीस वर्षांत मी अर्ध्या दिवसात काम सोडलेलं नाही, त्या दिवशी कळवलंसुद्धा नाही. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तुझ्याहून लहान मुलगी होती. तिने पोट चाचपलं आणि तशीच त्याला आत घेऊन पळाली. भूल देऊन नळी घातली. बारीक वाळूसारखे खडे साचून वाट पूर्ण बुजली होती. म्हणाली, संध्याकाळ झाली असती तर हाती लागला नसता.

मग बाहेर येऊन तिने कागद काढला आणि विचारत गेली. किती दिवस ट्रेबाहेर करतोय? म्हटलं, आता आठ आठवडे होतील. ओरडत होता? हो. थेंब थेंब करत होता? हो. तुम्ही काय केलंत? मी सांगितलं. नाक घासलं म्हणून सांगितलं, बाल्कनीत कोंडलं म्हणून सांगितलं. ती फक्त लिहीत राहिली. तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी भांडले असते. म्हणाली, ट्रेमध्ये बसलं की आग होते म्हणून ते ट्रेला घाबरतात, मऊ जागा शोधतात, मुद्दाम कुणीच करत नाही. शेवटी विचारलं, याला आधी कधी असं झालं होतं का? मी म्हटलं, नाही. झालं असतं तर माझ्या बहिणीने सांगितलं असतं.

आता तुझं पत्र. दोन दिवस मी त्याला उत्तर शोधतेय. आधी लिहिलं, मागची दोरी तुटली होती. ती तुटली नव्हती. मग लिहिलं की त्या काळी सगळेच असं करायचे. तेही फाडलं. खरं असं आहे की मागे दोरी आहे हे मला माहीत होतं आणि मी चादर पुढेच टाकायचे. डाग रस्त्याकडे करायचे. तुला अक्कल यावी म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचे. पण तू मुद्दाम करत नाहीस, हे मला कळत होतं. झोपेत कोण मुद्दाम करतं?

मला राग होता. माझ्या बरोबरीच्या पोरी कॉलेजात जात होत्या. मी दिवसभर परक्यांचे डाग काढून यायचे आणि सकाळी डोळे उघडले की घरात आणखी एक. आईवर राग काढता येत नव्हता, ती मेलेली. बाबा घरात नव्हते. तू हाताशी होतीस. तू खाली मान घालून त्या चादरीखालून जायचीस तेव्हा मला बरं वाटायचं. थोडा वेळ बरं वाटायचं, आणि मग कामावर जाईपर्यंत मला माझीच शिसारी यायची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टाकायचे.

'माफ कर' असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. नको देऊस.

बोका अजून तीन दिवस तिथे राहील. मी कामावरून सुटले की जाते, पिंजऱ्याशी बसते. तो माझ्याकडे पाठ करून बसतो. बरोबर आहे त्याचं.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझी दोन्ही पत्रं एकाच गाडीने आली. मी अठराचं आधी फोडलं. 'एक थेंब नाही' वाचलं आणि मला समजलं. सहा दिवस उलटले होते. दुसरं पाकीट हातात घेऊन मी पत्र्याच्या खोलीच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले, फोडायची हिंमत होईना. त्या अर्ध्या तासात मी तुला जे जे म्हटलं ते तुला कधीच सांगणार नाही. मनात तुझं घर सोडलं, तुझं नाव टाकलं. मग फोडलं.

चादरीबद्दल तू उत्तर देऊ नकोस म्हणालीस, ते बरं केलंस. तुला बरं वाटायचं हे वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली, अजून होतेय. सतरा वर्षांच्या पोरीची दया येते आणि तिच्या दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटतात. दोन्ही एकदमच. हे कधी जाईल मला माहीत नाही.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही.

ताई, त्याला आधी झालं होतं. दोन वर्षांपूर्वी, असंच, नळी घालावी लागली होती. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की याला जन्मभर एकच खाणं, खडे होऊ न देणारं, आणि ट्रेबाहेर गेला की त्याच दिवशी दाखवायचं. मी तुला ते खाणं दिलं. ते त्याच्या आवडीचं आहे म्हणून सांगितलं, औषधाचं आहे म्हणून नाही. पिशवी संपल्यावर तू कोपऱ्यावरच्या दुकानातलं आणलं असशील. तुला काय माहीत? कुणीही तेच केलं असतं. तुझ्या पहिल्याच पत्रात 'सहा आठवडे' वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. तरी मी तुला ट्रे कुठे ठेवलास, वाळू किती दिवसांनी उपसतेस, असले प्रश्न विचारत बसले. एक वाक्य लिहायचं होतं. त्याला हा आजार आहे, एवढंच. नऊ दिवस लिहिलं नाही. सोळाला लिहिलं तेही आडून, सगळ्या बोक्यांचं म्हणून.

मी स्वतःला सांगत होते की आजारी म्हटलं तर तू ठेवून घेणार नाहीस. ते खोटं आहे. तू कुरकुरत ठेवलंच असतंस. खरं हे की निघताना मी तुझ्या दारात उभी होते, पिंजरा हातात, वाक्य ओठांवर, 'ताई, याला लघवीचा त्रास आहे', आणि मला ते बोलता आलं नाही. तोंड कोरडं पडलं. पंचेचाळीस वर्षांची बाई आहे मी. डोंगर पोखरणाऱ्या तीसजणांवर ओरडते. तुझ्यासमोर तो शब्द काढायची मला अजून भीती वाटते.

डॉक्टरने तुला विचारलं आणि तू म्हणालीस, माझ्या बहिणीने सांगितलं असतं. ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

रविवारी येते. चार दिवसांची सुट्टी घेतलीय. तुझ्या दारात उभी राहून ते वाक्य मी तुझ्या तोंडावर बोलणार आहे. तू तोवर मधे बोलू नकोस. माझं बोलून झालं की मग तुला काय ओरडायचं ते ओरड.

धाकटी